नसीमताईच्या ताटातली गाबोळी

मुरमाची ट्रॉली आमच्या अंगणात उलटी होत होती आणि त्या आवाजात मला फोन ऐकूच आला नाय. तनू, म्हंजे माझी मोठी मुलगी, आतून फोन घेऊन धावत आली, आई गो, नसीमताईचा फोन. बघते तर स्क्रीनवर नाव तिचंच. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू, कारण आदल्या दिवसापासून मी तिला लावत होते आणि तो बंद लागत होता, आणि तिनं मला सांगून ठेवलं होतं की तळं बुजवायचं ठरलं तर बुजवा, पण आधी मला कळव, मासे उचलून नेऊ. इकडे आमच्या ह्यांनी मुरूम सांगून टाकला, ट्रॉलीवाला काय थांबणार नव्हता. म्हणून मी फोन कानाला लावला तो हॅलो पण न म्हणता एका दमात बोलले, ताई मुरूम आलाय हो, आज येता का, नायतर ह्यांना थांबवा तुम्हीच. तिकडून मग एका पुरुषाचा आवाज आला. मी तिचा भाऊ बोलतोय, म्हणाला. नसीम गेली… सकाळी.

ट्रॉलीवाला विचारत होता, वहिनी, दुसरी खेप लगेच आणू का. मी तशीच ओटीवर बसले आणि माझा श्वासच लागला. माझं असंच होतं, काय झालं की आधी श्वास लागतो, रडू मागाहून येतं.

दोन्ही पोरांना घेऊन पेणवरून गाडी पकडली आणि रोह्याला उतरले, तिथून रिक्षानं वरशाला, तिच्या भावाच्या घरी. पण तोवर तिला घेऊन गेले होते. त्यांच्यात बायका कबरस्तानात जात नाय, सगळ्या घरातच बसल्या होत्या, कोणी पढत होत्या, कोणी नुसत्या बसलेल्या. तिचं तोंड मला बघायला मिळालं नाय. बाहेर मंडपात तिच्या मासळीच्या संशोधन केंद्रातले लोक खुर्च्यांवर बसून बोलत होते, जिताडा माशावर तिनं किती काम केलं, कुठं कुठं तिचे निबंध छापून आले, बाहेरच्या देशातून तिला बोलावलं होतं आणि ती गेली नव्हती. मला त्यातलं बरंचसं माहीतच नव्हतं. मी नववीत शाळा सोडलेली. पण आमच्या तळ्यावर ती काय होती ते त्यांना माहीत नव्हतं, आणि ते मला माहीत हाय, म्हणून लिहिते. चुकलं तर समजून घ्या.

माझं माहेर गागोद्याच्या बाजूचं. तिकडे डोंगर, भात आणि भाताच्या मागून वाल. पाणी म्हंजे आम्हाला विहिरीतलं आणि ओढ्यातलं, ओढा पण होळीला सुकून जायचा. लग्न करून इकडे खारेपाटात आले तर जिकडे बघाल तिकडे पाणीच. बांधाच्या पलीकडे खाडी, अलीकडे भाताची खाचरं, आणि प्रत्येक घराच्या दारात तळं. खारेपाटात दारातलं तळं म्हंजे काय ते पेणच्या लोकांना सांगायला नको, बाहेरच्यांना सांगते. पावसाळ्यात खाडीच्या तोंडाशी जिताड्याची बारीक बारीक पिल्लं येतात, बोटाच्या पेरापेक्षा लहान, ती पकडून आणून लोक दारच्या तळ्यात सोडतात. मग ती वर्षानुवर्षं वाढतात. लग्न ठरलं, जावई आला, कोणी साहेब घरी आला, की जाळं टाकायचं आणि सगळ्यात मोठा जिताडा काढायचा. इकडे कोणाचं घर कसं हाय ते विचारायचं नसतं, तळ्यात काय हाय ते विचारतात.

आमचं तळं सासऱ्यांनी खणलेलं. मी आले तेव्हा सासरे नव्हते, सासू होत्या, त्यांना आम्ही आई म्हणायचो. तळं ओटीपासून चार पावलांवर. मी नवी नवरी, मला तर त्याच्या कडेनं चालायला पण भीती वाटायची. तनू झाली, रांगायला लागली, आणि मग माझ्या जीवाला चैन राहिलं नाय. शेजारच्या आळीत एक पोर पाण्यात गेलं होतं, वेळेवर काढलं म्हणून वाचलं, ते मी डोळ्यानं बघितलेलं. तेव्हापासून मी भाकरी थापताना तीनदा बाहेर यायची. शेवटी मी जुनं लुगडं फाडून त्याची पट्टी केली आणि तनूच्या कमरेला बांधून ओटीच्या खांबाला बांधायला लागले. ती रडायची, मी पण रडायची, पण सोडत नव्हते. ह्यांच्या मागे लागले की तळं बुजवा. हे कंपनीत शिफ्टला, त्यांना काय, बुजवूया म्हणाले. आई नको म्हणत होत्या. त्यांच्या नवऱ्यानं खणलेलं ते. म्हणायच्या, आमची पोरं काय हवेत वाढली? पण पोर माझी होती, आणि मीही ऐकत नव्हते. शिमगा झाला की मुरूम टाकायचा, असं जवळजवळ ठरलंच होतं.

त्यातच नसीमताई आली. मिनिडोर रिक्षातून उतरली, सलवार कमीज, डोक्यावर ओढणी, हातात बादल्या आणि मागे केंद्रातला एक माणूस. गावातली सगळी तळी बघत बघत आली होती. आमच्या तळ्यावर जाळं ओढलं आणि त्यात सासऱ्यांनी सोडलेली सगळ्यांत जुनी मासळी निघाली, घरात तिला मोठीच म्हणायचे, इतकी मोठी की दोघांनी धरली. तिनं एका टबात पाणी घेतलं, त्यात लवंगेचं तेल टाकलं, मासा त्यात ठेवला तो झोपल्यासारखा झाला. डोळ्यांवर ओलं फडकं घातलं. मग एक बारीक नळी घालून जरासं काय काढलं आणि काचेवर घेऊन बघितलं. आणि तिथंच चिखलात खाली बसली. आई म्हणाल्या, काय गो पोरी, चक्कर आली का. ती म्हणाली, आई, हिच्यात अंडी हायत.

आम्हाला त्यात नवल काय वाटलं नाय, माशात अंडी असतातच. मग तिनं सांगितलं, ते मी अजून विसरले नाय. जिताडा जन्मताना सगळा नर असतो. सगळेच्या सगळे नर. मग वाढत वाढत वर्षं जातात आणि मोठा झाला की त्यातले मादी होतात. म्हणून मादी पाहिजे असेल तर म्हातारा मासा पाहिजे, आणि म्हातारा मासा कुठंच उरत नाय, कारण मोठा झाला की आपण खातो. खाडीत आता पिल्लं पूर्वीसारखी येत नाय. तिला बघायचं होतं की दारच्या तळ्यात वाढलेल्या मादीची अंडी पिकतात का, आणि पिकली तर तिला खाऱ्या टाकीत नेऊन पिल्लं निघतात का. निघाली तर गावाला खाडीकडे बघत बसायला नको. तेवढ्यासाठी ती किती वर्षं फिरत होती, आणि तिला ती आमच्या दारात मिळाली. आईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, म्हंजे आधी बापया, मग बाई, आणि सगळ्यांत मोठी झाली की सासू. सगळे हसले, ती पण हसली. मी नाय हसले. मला एकच कळलं होतं, ही बाई आली म्हंजे आता तळं राहणार.

मी तिला चहा पण नीट दिला नाय त्या दिवशी. पण जाताना तिचं लक्ष खांबाकडे गेलं. तनू बांधलेली होती, चिखलात हात घालून खेळत होती. नसीमताईनं बघितलं, आणि गेली. मला वाटलं आता ही गावभर सांगणार, पोरीला गुरासारखी बांधते म्हणून. पुढच्या वेळी आली तर बादल्यांच्या जोडीला केंद्रातलं जुनं जाळं आणि बांबू घेऊन आली. दिवसभर ती आणि तो माणूस तळ्याभोवती कुंपण घालत होते. एका बाजूला फाटक, त्याला वर आकडा, पोराचा हात पोचणार नाय असा. संध्याकाळी तिनं स्वतः तनूची गाठ सोडली. मग मला म्हणाली, "हे पोरीसाठी केलं. तुझं काय करायचं?"

माझं काय? मी म्हटलं. तर म्हणाली, पोर पाण्यात गेली तर तू काठावर उभी राहून ओरडणार का. मला इतका राग आला. पण खरं होतं, मी ओरडलेच असते, मला पाण्यात पाय टाकता येत नव्हता.

तिथून सुरुवात झाली. दर पावसाळ्यात खाडीतून आणलेल्या पिल्लांची निवड करायला तिला माणूस लागायचं. जिताड्याची पिल्लं एकत्र ठेवली की त्यातलं जरा मोठं असतं ते लहानाला गिळतं. तोंडात अर्धं तसंच अडकलेलं, तरी सोडत नाय. म्हणून ती एका कोपऱ्यात जाळ्याचे पिंजरे लावायची आणि भोकाच्या टोपल्यांतून सगळी चाळून काढायची, मोठी एकीकडे, मधली एकीकडे, बारकी एकीकडे. थोडे दिवस गेले की परत तेच, कारण बारक्यांत पण कोणीतरी मोठं झालेलंच असतं. ती पाण्यात उभी, मी काठावरून टोपली द्यायची. मग पहिल्या पायरीवरून. मग गुडघ्यापर्यंत. ती कधी ये म्हणाली नाय, नुसती जरा जरा पुढं सरकायची, आणि टोपली द्यायची तर मला पण पुढं जावं लागायचं. एक दिवस बघते तर पाणी कमरेला, आणि मला कळलंच नव्हतं. कळलं तशी मी तिचा हात असा पकडला की तिच्या हातावर माझी नखं उठली. ती म्हणाली, टोपली पडू देऊ नको गो, बाकी काय पण धर.

आईंचा आणि तिचा वेगळाच जीव होता. आईंना मोठी चिंता, ही मुसलमानाची पोर, आपल्या घरचं काय खाईल काय नाय, विचारू कसं. त्या नुसता चहा आणि पोहे द्यायच्या. एकदा तीच म्हणाली, आई, कोंबडी बिंबडी नको, पण मासळीला आमच्यात काय विचारायचं नसतं, मासळी कोणाकडची पण चालते. आईंचा चेहरा असा उजळला. पण उजळला आणि मग पडला, कारण ती जवा जवा यायची तवा घाईत, डबा तिचा तिच्या पिशवीत, पानावर बसायला वेळच नाय. आई मला सारखं म्हणायच्या, बघ गो, पोरगी आपल्या मासळीच्या मागे उन्हातान्हात मरते आणि एक घास मागितला नाय तिनं कधी. लाजते.

पुढचं सांगायचं म्हंजे मला अजून जड जातं. तनू बालवाडीत जायला लागली होती आणि मला परत दिवस होते. उन्हाळा होता. नसीमताई आनंदात होती, मी तिला इतकी आनंदात कधी बघितली नव्हती, मोठीची अंडी पिकत आली होती, आणि केंद्रात खाऱ्या पाण्याची टाकी तिला मिळाली होती. येत्या दोन-चार दिवसांत गाडी येणार आणि मोठीला घेऊन जाणार. ती आईंना सगळं सांगून गेली. आईंनी तिला सांगितलं, न्यायच्या आधी एक दिवस जेवायला ये, डबा आणलास तर बघ. ती हो म्हणाली.

त्या दिवशी सकाळी मी पेणला दवाखान्यात गेले होते, तपासणीला. परत आले तर चुलीपाशी शेजारच्या दोघी बसलेल्या, आईंच्या हाताला हळद आणि घरभर वास. अंगणात खवलं पडलेली, रुपयाएवढी. मी विचारलं, आई, काय काढलं? त्या मोठ्या खुशीत म्हणाल्या, काढली तिलाच. मी विचारलं कोणाला, तर म्हणाल्या, मोठीला गो. मी म्हटलं, आई, तिला टाकीत न्यायची होती ना… तर त्या म्हणाल्या, तेच तर. टाकीत नेणार, म्हंजे तिकडे हिचे साहेब बसलेत सगळे, ते काय सोडतील? जिताडा बघून कोणी साहेब सोडतो? सगळी खाऊन टाकतील आणि हिला शेपटी पण देणार नाय. जपली हिनं, आणि खाणार ते. म्हणून मी म्हटलं, आधी हिच्याच पोटात जाऊ दे.

त्यांचं चुकलं असं कोण म्हणेल? आमच्या इकडे आजवर मोठा जिताडा गाडीतून गेला तो कोणाच्या तरी ताटातच गेला. टाकीत पिल्लं काढायला जातो हे आईंनी ऐकलं होतं, पण साहेब लोकांवर त्यांचा विश्वास कसा बसणार. शेजारच्या दोन मुलांना बोलावून त्यांनी जाळं ओढून घेतलं होतं. आणि गाबोळी, म्हंजे अंड्यांची पोळीच ती, दोन भरलेल्या पिशव्या निघाल्या होत्या, त्या आईंनी नुसत्या हळद-मिठात आणि तांदळाच्या पिठात घोळवून तव्यावर भाजल्या होत्या. गाबोळी घरच्या माणसाला मिळत नाय, पाहुण्याची असते ती.

नसीमताई आली. हात-पाय धुतले, पाटावर बसली. मी ओटीवरून तिला खूण करायला बघत होते, पण करून तरी काय होणार होतं. आईंनी माशाचं डोकं तिच्या वाडग्यात घातलं, तो मानाचा तुकडा, आणि गाबोळी ताटात. तिनं ताटाकडे बघितलं. मग बाहेर तळ्याकडे बघितलं. मग परत ताटाकडे. आई तिच्यासमोर पंखा घेऊन बसल्या होत्या, म्हणाल्या, "खा गो पोरी. तुझीच हाय ती, मोठी. इतकी वर्षं जपलीस, एक घास मागितला नाय. लाजतेस. घे, पोटभर खा."

मी दाराची चौकट धरून उभी होते. मला वाटलं आता ही उठेल. आता ओरडेल. कोणी पण ओरडलं असतं. तनू म्हणाली, ताई, खा ना. मग तिनं गाबोळीचे दोन भाग केले आणि म्हणाली, "आई, एकटीला जास्त होते. अर्धी वैजूला द्या, तिला दिवस हायत." आणि बिस्मिल्ला म्हणून खायला लागली. सगळं खाल्लं तिनं. डोकं फोडून खाल्लं, जसं आपल्याकडे खातात तसं, काही ठेवलं नाय. आई विचारायच्या, मीठ बरोबर हाय का, ती म्हणायची, बरोबर हाय. ती माझ्याकडे बघत होती, म्हणून मी पण खाल्लं.

नंतर ती तळ्याच्या पायरीवर जाऊन बसली. मी मागोमाग गेले. मी म्हटलं, ताई, मी घरी नव्हते हो, मी असते तर… ती म्हणाली, माहीत हाय. मग म्हणाली, "आईंना कधी सांगायचं नाय. तुला शपथ हाय माझी. त्यांना वाटतंय त्यांनी मला सगळ्यांत चांगलं दिलं. दिलंच की." आणि जरा थांबून म्हणाली, आणि खरं सांगू, चव अशी होती ना गो… आणि हसायला लागली. हसता हसता तिला रडू यायला लागलं आणि मग ते थांबेना. ओढणी तोंडात धरून रडली, आईंना ऐकू जाऊ नये म्हणून. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होते. मोठ्या शिकलेल्या बाईच्या पाठीवरून मी हात फिरवेन असं मला कधी वाटलं नव्हतं.

केंद्रात तिनं सांगितलं, मोठी मेली. खोटं नाय ना, मला म्हणाली, मेलीच की. टाकी दुसऱ्या कोणाला गेली. ती परत कधी मिळाली नाय तिला. आई मात्र गावात सगळ्यांना सांगायच्या, मी तिला तिची मासळी खायला घातली, साहेबांच्या आधी. आणि नसीमताई तिथं असली तर मान हलवून म्हणायची, व्हय, असं जेवण मला परत मिळालं नाय. आई मागच्या दिवाळीच्या सुमारास गेल्या, ताईचं काय गेलं ते न कळताच गेल्या. म्हणून हे मी आता लिहू शकते. शपथ आई असेपर्यंतची होती असं मी धरते.

त्या जेवणानंतर हे म्हणाले, आता मोठी गेली, बाईचं कामही संपलं, आता बुजवूया. मीच मागे लागले होते ना इतकी वर्षं. आणि मीच म्हटलं, नको. का म्हटलं ते मला धड सांगता येणार नाय. अर्धी गाबोळी माझ्याच पोटात होती, बाळाच्या शेजारी. मी कोणत्या तोंडानं बुजवा म्हणणार? आणि पुढच्याच आठवड्यात ती परत आली, बादल्या आणि टोपल्या घेऊन, जसं काय झालंच नाय. तळ्यात जे तरणे नर होते त्यातले चांगले निवडले. म्हणाली, हे होतील मादी. मी म्हटलं कधी? ती म्हणाली, तुझी तनू मोठ्या शाळेत जाईल, अजून मोठी होईल, तोवर होतील. वेळ हाय आपल्याकडे.

वेळ तिच्याकडे नव्हता. पोटात दुखतं म्हणायची, गोळ्या खायची, आणि मग कळलं तोवर उशीर झाला होता. शेवटची आली ती थंडीत. इतकी वाळली होती की तनू तिच्या जवळ गेली नाय आधी. पाण्यात उतरली नाय, पायरीवर बसून राहिली शाल घेऊन, आणि मला म्हणाली, तू उतर, मला एक मासा दाखव. मी उतरले, छातीपर्यंत. जाळ्यातून एक धरून वर केला. तिनं हात लांब करून त्याच्या पाठीवरून फिरवला, बस, तेवढंच. मग विचारलं, भीती गेली का गो? मी म्हटलं, नाय. खरंच गेली नव्हती, मला पाण्यात अजून छातीत धडधडतं. ती म्हणाली, "मग जाऊ देऊ नको. पोरं लहान हायत तुझी. भीती घेऊनच उतरत जा."

मी तिला तेव्हाच सांगितलं, ताई, बाळ आता चालायला लागलंय, कुंपण जुनं झालंय, आई पण नाय आता, हे परत बुजवायचं काढतायत. मला वाटलं ती नको म्हणेल. मला ती नको म्हणायला पाहिजे होती, म्हंजे मग मला ठरवायला लागलं नसतं. पण ती म्हणाली, तळं तुझं, पोरं तुझी, मी कोण सांगणारी. फक्त आधी कळव, मासे उचलून नेऊ.

वरशाला त्या दिवशी मी बराच वेळ बसले. तिची अम्मी मला ओळखत होती, नाव घेऊन म्हणाली, तू वैजू ना, तळ्यावरची. मी उठताना तिनं मला आतल्या खोलीत नेलं. नसीमताईची खोली, साधी, एक खाट, दाराच्या मागे खुंटीला रबराची पँट टांगलेली, छातीपर्यंत येते आणि बुटासकट असते ती, मोठ्या टाक्यांमध्ये उतरायला. आमच्याकडे तिनं ती कधी आणली नव्हती, आमच्या तळ्यात सलवार खोचूनच उतरायची. अम्मी म्हणाली, ही घेऊन जा, आमच्यात कोण घालणार. मला नाय म्हणता आलं नाय. गाडीत ती घडी मांडीवर घेऊन आले, वर बाळ झोपलेलं.

काही दिवसांनी केंद्रातला एक तरुण साहेब आला, मासे न्यायला. ह्यांनीच बोलावला होता. त्यानं टब मांडला, लवंगेचं तेल टाकलं, आणि मी एकेक मासा धरून दिला. त्यानं सगळे तपासले. सगळे नर. एकही मादी झाली नव्हती अजून. तो म्हणाला, होतील पुढं मागं, पण आमच्याकडे टाकी रिकामी नाय, नेले तर दुसऱ्या तळ्यात सोडावे लागतील, तिकडे कोण सांभाळणार सांगता येत नाय. तुम्ही सांगा काय करायचं. हे माझ्याकडे बघत होते. बाळ कुंपणाला धरून उभं राहून हलवत होतं, जाळं जुनं झालेलं, पुढं मागं होत होतं. माझा श्वास लागला. आई असत्या तर त्यांनी ठरवलं असतं, नसीमताई असती तर… तिनं तर नाय ठरवलं.

मी म्हटलं, सोडा परत. इथंच.

हे म्हणाले, आणि मुरूम? मी म्हटलं, कडेला टाका, बांध उंच करा, आणि त्याच्यावर नवीन कुंपण. ह्यांना पटलं नाय, दोन दिवस बोलले नाय माझ्याशी. पण मुरूम कडेलाच पडला. तरुण साहेब म्हणाला, मी येत जाईन अधूनमधून. बघू. येईल तर येईल.

आता खाडीतून आणलेल्या पिल्लांची निवड मी करते. तनू शाळेतून आली की ती पायरीवर टोपली धरून बसते, आणि मी ती रबराची पँट घालून उतरते. नसीमताई उंच होती. पँट माझ्या गळ्यापर्यंत येते, पट्टे आवळून गाठी मारल्यात, आणि बुटात माझ्या बोटांच्या पुढं जागा उरते. पहिल्या दिवशी मला वाटलं, ह्यात तर मी बुडेनच. पण पाण्यात पाय टाकला की एक गंमत होते. बाहेरून पाणी दाबतं आणि रबर पायाला चारी बाजूंनी घट्ट बसतं, आधी घोट्याला, मग पोटरीला, मग गुडघ्याच्या वर. जितकं खोल जावं तितकं घट्ट. मी जरा थांबते तिथं. छातीत धडधडत असतंच. मग तनूला म्हणते, दे गो टोपली.